निमलोत राजा, फ्रीजचा तिसरा कप्पा आणि बोंबील

मी, दिगंबर जगन्नाथ पाटणकर, मूळचा रत्नागिरीचा, हल्ली मुक्काम स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या शुद्धीत नसेन, कारण भूल देऊन माझ्या चारही अक्कलदाढा काढणार आहेत. संमतीच्या कागदावर 'क्वचित मृत्यू' असं छापलेलं आहे, आणि आमच्या घराण्यात जे क्वचित होतं ते हमखास होतं.

कलम १. माझा प्रबंध शुगर लँडच्या मालिनीमावशीला द्यावा. विषय: राजा निमलोत. प्राचीन इजिप्तचे तुकडे होऊन गावोगावी राजे झाले, त्यांतला हा एक. मावशी म्हणाली होती, "एवढं लांब जाऊन राजा निवडायचा, तर मोठा तरी निवडायचास!" तिने तो वाचण्याची सक्ती नाही.

कलम २. आमच्या घरातही चार विद्यार्थी, फ्रीजचे चार कप्पे, चार राजे. माझा तिसरा कप्पा नंदू आणि गिरीश यांनी वाटून घ्यावा. प्रताप देवस्थळी याला त्यात लिंबूसुद्धा ठेवू देऊ नये.

कारण असं. दक्षिणेच्या पिये राजाने हे सगळे छोटे राजे जिंकले. भेटीला आलेल्या तिघांना त्याने वाड्याबाहेरच उभं केलं, कारण ते मासे खात. (आणखीही एक आक्षेप होता, तो मृत्युपत्रात शोभणार नाही.) निमलोत मासे खात नसे, म्हणून तो एकटा आत गेला.

प्रबंध टाइप करताना हे प्रतापने वाचलं. त्याच संध्याकाळी मी बोंबील तळत होतो, तर म्हणतो, "अरे, तूच लिहिलंयस यार! फिश खाणारे आउटसाइड!" आम्ही तिघं तवा-शेगडी घेऊन बाल्कनीत गेलो. जानेवारीत नंदू आणि गिरीश गारठून वरणभातावर आले. मी अजून मफलर गुंडाळून बर्फात जेवतो आणि प्रतापशी बोलत नाही.

कलम ३. तवा नंदूला. आईने लोणच्याच्या बरणीमागे लपवून पाठवलेले सुके बोंबील गिरीशला. अट एकच: ते स्वयंपाकघरात, प्रतापच्या नाकासमोर तळावेत.

कलम ४. टाइपरायटर प्रतापला. अख्खा प्रबंध त्यानेच बडवला, मी न सांगता. उद्या दवाखान्यात नेणारी गाडीही त्याचीच. खरं सांगायचं तर मला त्याच्याशी बोलायचं आहे. पण आधी मी बोलणार नाही.

स्टेट कॉलेज, १४ फेब्रुवारी १९८६.
दिगंबर पाटणकर (सही)

साक्षीदार पहिली: वीणा सबनीस, खालचा मजला. सही करते. वास खालीही येतो.

साक्षीदार दुसरा: प्रताप देवस्थळी. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे, म्हणून टाइपरायटर कॅन्सल. दाढा काढल्यावर तुला आठवडाभर मऊ भातच चालेल, तो मी करीन. मग बोंबील आत तळ, फक्त खिडकी उघडी ठेव. सकाळी गाडी गरम करून ठेवतो, टोपी घालून खाली ये. आणि आधी मी बोललो, हेही कलमात घाल.