बांधावरची शालू

औंढे, ता. ४ जुलै १९४९

चि. सौ. मुक्ताबाईस,
दत्तोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी भाची शालू खुशाल आहे. तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या काळजाजवळची, जन्मापासून उघडी राहिलेली नळी रेशमी दोऱ्यानं बांधली, तेव्हापासून धाप गेली. छातीला कान लावला की जात्यासारखी घरघर यायची, तीही थांबली. सहा वर्षांची पोर आता कोंबड्यांमागं पळते.

डॉक्टर म्हणाले होते, खेळू द्या. पण तुझ्या वहिनीला पटेल तर शपथ! पोर वाकली की गाठ सुटंल, हा तिचा हेका. सध्या भाताची आवणी चालू आहे, चिखलात रोपं लावायची घाई. शालूला चिखलात उतरायची बंदी. बांधावर बसून ती बायकांची तान्ही पोरं सांभाळते आणि माझ्याकडे रागानं बघते.

लोभ आहे तो वाढता ठेव.
दत्तोबा

परळ, ता. ९ जानेवारी १९६७

ती. दादांस,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि. तुमची लेक काल सुखरूप पोचली. पहिलं बाळंतपण असूनही माझ्याकडे पाठवलीत, बरं केलंत. इथं दवाखाना जवळ आहे. कळा देताना गाठ सुटंल का, हा वहिनीचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, ती केव्हाच मांसात मुरली, शालूचं काळीज धडधाकट आहे. जिना चढताना धाप लागते ती, आत्याबाई, तुम्हालाच. घ्या!

शालूला भीती वेगळीच आहे. भाजी निवडताना हळूच म्हणाली, आत्या, माझ्या बाळाच्या छातीत माझ्यासारखं घरघरणारं जातं नसंल ना? वहिनीला सांगू नका, देवापुढं दिवा मात्र लावा.

धाकट्या बहिणीवर माया असू द्या.
मुक्ता

परळ, ता. १९ फेब्रुवारी १९६७

ती. सौ. आईस,
शालूचा शि. सा. न. वि. वि. (आबा, हे मोठ्यानं वाचून दाखवा.) मुलगी झाल्याची तार मिळालीच असेल. नाक तुझं, आवाजही तुझाच. डॉक्टर तपासून ठीक म्हणाले, तरी मी तिच्या छातीला कान लावला. मग आत्यालाही लावायला सांगितला. ती म्हणाली, न्हाई गं, घरघर कुटंच न्हाई. आई, मी लय रडले. इतके दिवस ही धास्ती तुला सांगितली नव्हती.

आता तुझी भीती मला कळते, म्हणून राग नाही. पण साऱ्या गावाची पोरं मी सांभाळली, आणि तू मला एक रोप लावू दिलं नाहीस. पोरीला चिखलात उतरवू नका, हा तुझा निरोप सासरीही माझ्याआधी पोचलेला! यंदा आवणीला मी येणार आहे. माया आहे तशीच ठेव, धाक तेवढा आवर. पदर खोचून मी चिखलात उतरीन. बांधावर तू बस, माझी लेक घेऊन.

तुझी,
शालू