घाणेरीचा रिकामा आठवडा

ता. ४ मार्च

चि. बाळ्यास ताईचा आशीर्वाद.

झाडांच्या खात्यात एवढा साहेब झालास आणि तुला एका घाणेरीचं गणित येईना? फुलं गळाली आणि फळं अजून धरली नाहीत, त्या रिकाम्या आठवड्यात उपट, म्हणजे बी पडायचं नाही, असं तूच लिहिलंस. पाच महिने मी त्या आठवड्याची वाट बघतेय. इथं एकाच फांदीला कळी, फूल, हिरवं फळ, काळं फळ, सगळी एकत्र नांदतायत. पाखरं काळी फळं खातात आणि शेजारच्या मास्तरांच्या वाफ्यात बी टाकून येतात. मास्तर मला बघितलं की दार लावून घेतात.

आई बरी आहे. मनानं आपल्यात नसते, खिडकीशी पडून खालचं हे झुडूप बघते. लोभ नंतर वाढव, आधी उत्तर धाड.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस बाळ्याचा शि. सा. नमस्कार.

चूक माझी. मी कोरड्या माळावरच्या नोंदी बघून लिहिलं. तिथं ओल संपली की घाणेरी थांबते. आपल्या मोरीचं पाणी खिडकीखालूनच जातं, हे विसरलो. तिला थांबायला कारणच नाही, ती बारा महिने फुलणार आणि फळणार. आता वाट बघू नकोस. फळं आधी पोत्यात तोडून घे, मग मुळासकट काढ. माझं येणं इतक्यात जमेलसं दिसत नाही. आईला नमस्कार. राग धरू नकोस.

तुझा बाळ्या

ता. २० मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

माळी आणला. त्यानं कुदळ मारली आणि दोन महिने न उठलेली आई उठून बसली. त्याला म्हणाली, थांब, अजून पिवळी आहेत. तेव्हा तिच्याच तोंडून कळलं ती काय बघत असते. फूल पिवळं उमलतं, एकदोन दिवसांत गुलाबी होतं. गुच्छ गुलाबी झाला की तिच्या लेखी तू निम्म्या वाटेत आलास. मग नवा गुच्छ पिवळा उमलतो आणि तू पुन्हा घरून निघतोस. दुपारी ऊन पडद्यातून झिरपतं, तो उग्र वास खोलीभर तरंगतो, आणि तिच्या उशाशी बसल्या बसल्या मलाही तुझी पावलं वाजल्यासारखी वाटतात. दिवसभर भांडी घासणारी मी, मला कधी नव्हे ते जागेपणी स्वप्न पडतंय.

माळ्याला परत पाठवलं. पण मास्तरांचे वाफे मी बुडवणार नाही. चार एप्रिलला तो येणार आणि झुडूप जाणार. त्या दिवशी झुडपाच्या जागी खिडकीतून आईला दिसायला कोणीतरी पाहिजे. तू येतोस की नाही, तेवढं एका ओळीत लिही. कामाचं सांगू नकोस. दोन तारखेच्या आत उत्तर हातात पडलं पाहिजे.

ताई