ओविदच्या जहाजाला तेल दिलं तो दिवस

समुद्रावरून,
१४ मार्च १९४५

लाडक्या आईस,

मी धडधाकट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. कुठे आहोत ते लिहिलं तर साहेब कात्री चालवतात. एवढंच सांगतो, आमचं तेलाचं जहाज अजून तरंगतंय. दोन वर्षांत दोनशेवर लढाऊ जहाजांना भर समुद्रात, चालता चालता तेल पाजलं. तोफ एकदाही उडवली नाही, तरी आमच्यावाचून सगळ्यांचं अडतं!

तू दर पत्रात विचारतेस, "ओविदला लिहितोस ना? त्याच्या लेकीचा, छोट्या ओदीलचा बाप्तिस्मा का अडलाय ते त्यालाच विचार." मी दर वेळी "लिहितो" म्हणतो. आई, ते खोटं होतं. त्याने स्वतःच्या लग्नात, भर पंगतीत, मला "रॉकेलवाला" म्हटलं ना, तेव्हापासून त्याची तिन्ही पत्रं मी न फोडता पाण्यात फेकली. सख्ख्या भावाची. लाज वाटते गं.

काल सकाळी एक विनाशिका तेलाला शेजारी आली. मधे पन्नास हात पाणी, वरून नळी, नळीबरोबर टेलिफोनची तार. पलीकडचा "बस" म्हणाला की मी पंपवाल्याला ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम. फोन कानाला लावून समोर बघतो तर कठड्याशी, फोन धरून, आपला ओविद!

"काय रे रॉकेलवाल्या, हात मोडले होते का पत्र लिहायला?"

मी टोपी काढून हलवली.

"ओदीलचा धर्मपिता तू व्हायचंस म्हणून तीन पत्रं लिहिली, गाढवा! फादर रोज माझ्या बायकोला, सेलेस्तला झापतात, दुसरा कोणी बघा म्हणून. मी म्हटलं, आल्सिदच हवा."

मग काय! आपल्या घरच्या फ्रेंचमधे दोघंही एकदमच बोलायला लागलो, हसत, रडत. "बस" म्हणायचं तो विसरला, ऐकायचं मी विसरलो. त्यांची टाकी भरून वाहिली आणि काळ्या तेलाचं कारंजं उडालं थेट ओविदच्या अंगावर. त्याच्या साहेबावरही! आमच्या साहेबाने फोन हिसकावला, नळी सुटली, विनाशिका लांब जायला लागली. आणि मी अजून "हो" म्हटलंच नव्हतं!

धावत झेंड्यांच्या खुणांनी निरोप देणाऱ्या झेंडेवाल्याकडे गेलो. "सांग त्याला, हो! मोठ्याने सांग!"

"झेंडे मोठ्याने कसे हलवू रे?" म्हणाला, पण हलवले. तिकडे तेलाने काळाकुट्ट झालेला एक माणूस डेकवर नाचताना दिसला.

मला दहा दिवस गंज खरवडायची शिक्षा झालीय. आनंदाने खरवडतोय. फादरना सांग, आता थांबू नका. माझ्या जागी मामाला उभं करा, पण चर्चच्या वहीत नाव माझंच घाला. सेलेस्तला म्हणावं, मला माफ कर.

ओदीलला खूप पापे.

तिचा धर्मपिता,
आल्सिद