टोचणी या शब्दाचा अर्थ

मी आबाजी विठू ठोंबरे, वय वर्षे बासष्ट, निवृत्त शाळामास्तर, राहणार मौजे कोंडाणे, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. छाती कमजोर झाली आहे, डोके नाही. कोणाच्या भिडेने नव्हे, स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की:

१. राहते घर व दोन्ही बैल पत्नी चंद्राबाई हिचे. बैल तिने विकू नयेत असे मला वाटते. ती ऐकेलच असे नाही.

२. तीस वर्षे जमवलेल्या शब्दांच्या वह्या कर्जतच्या शाळेला. त्यांतले 'टोचणी'चे पान कोणी बदलू नये. तेथे आधी 'अपराधाची मनास लागणारी बोच' असा अर्थ व उदाहरणादाखल माझ्याच कवितेची ओळ होती. कवितेत हा शब्द शोभून दिसतो, पण कोणाला जागचे हलवत नाही. ते सगळे मी खोडले, त्याचे कारण असे.

सन १९२६ च्या वैशाखात माझा गोठा जळाला. मी चुलतभाऊ गजावर आळ घेतला व त्याच्याशी बोलणे टाकले. नवव्या दिवशी वरच्या ठाकरवाडीतली ठमी भर उन्हात डोंगर उतरून आली. तिला कोणी पाहिले नव्हते, कोणी विचारले नव्हते. म्हणाली, "मास्तर, आग माज्या राबाची. शेत भाजताना वाऱ्यानं ठिणगी उडाली. गजाला बोल लावू नका." मग आज का सांगतेस, असे विचारल्यावर म्हणाली, "भाकर गिळंना." तिने व नवरा पोशाने चार दिवस खपून गोठा शाकारून दिला. इतके सरळ माणूस मला पुस्तकातही भेटले नाही. वहीत नवा अर्थ लिहिला: 'जी माणसाला आपल्या पायांनी चालत नेऊन खरे बोलायला लावते ती.'

३. गजाची मी माफी मागितली, पण आगीपुरतीच. सन १९१२ मध्ये हद्दीचा दगड मी त्याच्या शेतात सात हात सरकवला होता, ते बोललो नाही. ती पट्टी माझ्या मागे गजाला द्यावी.

४. काल ठमीला साक्षीसाठी बोलावून हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला, मास्तर? गजा तर आज जित्ता हाय."

गजाला बोलावून सांगितले. ऐकून तो उठला. मग घरी जाऊन पहार घेऊन आला. आम्ही दोघांनी दगड उपटून जुन्या जागी रोवला. सबब कलम ३ रद्द.

हे पुन्हा वाचून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

मु. कोंडाणे, ता. ११ मार्च १९३४
आबाजी विठू ठोंबरे, दस्तुरखुद्द

साक्ष:
ठमी पोशा, ठाकरवाडी, डाव्या अंगठ्याची निशाणी
गजा हिरू ठोंबरे, सही