कडी लावू नये

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. इथेही बरं चाललंय. आई जेवतेखाते, झोपही लागते. वहिनीचा खोकला थांबला का?

माझ्याकडे सध्या भुऱ्या नावाचा कुत्रा मुक्कामाला आहे. संस्थेचे बेवारस कुत्रे कायमचं घर मिळेपर्यंत मी सांभाळते आणि त्यांच्या जाहिराती लिहिते, हे तुला ठाऊक आहेच. 'आमची धाकटी कुत्र्यांची स्थळं जुळवते' म्हणून तू चार लोकांत हसतोस. खुशाल हस. पण त्यातही कसब असतं. भरपूर पळवून आणल्यावर फोटो काढला की जीभ बाहेर असते आणि कुत्रा हसतोय असं वाटतं. चपला फाडणारा असेल तर लोक 'खेळकर' लिहितात. कोणाजवळ न येणारा असेल तर 'शांत, स्वतःत रमणारा'. भुऱ्याची पहिली जाहिरात कोणीतरी अशीच गोडगोड लिहिली. तो दोनदा गेला, दोनदा परत आला. आता कोणी पट्टा हातात घेतला तरी पलंगाखाली शिरतो. म्हणून मी आधी खोड लिहिते, मग डोळे किती सुंदर ते.

आता मुद्द्याचं बोलते. दोन दिवस टाळलं, पण राग मावत नाही.

आईला पाठवताना तू फोनवर मजकूर धाडलास. 'आई अगदी शांत झालीये. खाण्यापिण्याची कटकट नाही. दिवसभर खोलीत बसून असते. तुझ्याकडे सहज मिसळून जाईल.' सोबत बागेतला फोटो, नवी शाल, हसरा चेहरा. अरे, ही जाहिरात आहे! रोज हेच धंदे करणाऱ्या मला तू माझ्याच बाजारात गंडवलंस, आणि मी वाचून सुखावले.

आल्यापासून आई न्हाणीघराचं दार लावून घेत नाही. मला वाटलं, विसरत असेल. परवा शेजारच्या काकू आल्या. भुऱ्या त्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी त्याला आतल्या खोलीत ढकललं आणि कडी घातली. आई आत आहे हे लक्षातच नव्हतं. कडी वाजली आणि आतून आवाज आला, "दादा, उघड ना. नाही जाणार मी कुठे. गप्प बसते."

घरात सगळे तुला दादा म्हणतात, आईसुद्धा.

मी धावत जाऊन दार उघडलं. दोघंही दाराला चिकटून उभी होती, भुऱ्या पंजांनी दार खरवडत होता. काकू उठून गेल्या.

आईला कुत्र्याच्या शेजारी बसवलं म्हणून तुझा तिळपापड होईल. होऊ दे. भुऱ्यालाही कुठल्यातरी घरात कोंडलं असणार; कोणी ते मला कधीच कळणार नाही. आईला कोणी कोंडलं ते कळलं.

ती घराबाहेर पडते आणि वाट चुकते, एवढंच लिहायचं होतंस. खरं कळलं तर मी तिला घेणार नाही असं वाटलं तुला? तू दमला असशील, मान्य आहे. दमलेल्या माणसाने हाक मारावी. मी धावत आले असते. माणसाला कोंडायचं आणि वर 'खोलीत बसून असते' म्हणून सांगायचं, ह्याला काय म्हणू?

महिनाअखेर येऊन तिला घेऊन जातो म्हणालास. येऊ नकोस. ज्याने कोंडून ठेवलं त्याला आमची संस्था पुन्हा कुत्रा देत नाही. मी तर आईबद्दल बोलतेय.

उद्यापासून दुपारी तिच्याजवळ बसायला एक बाई येणार आहेत. त्यांच्यासाठी भिंतीवर कागद लावलाय. 'बाहेर जायला निघतात. अडवू नये, चपला घालून सोबत जावं. कडी लावू नये. गाणं म्हटलं की हसतात.' फोटो तूच काढलेला लावलाय. चांगला आलाय, ते काही खोटं नाही.

भेटावंसं वाटलं तर भेटायला ये. ती तुझी वाट बघते, हेही खरं आहे. फक्त आत आलास की दाराला हात लावू नकोस. ते मी लावेन.

अजून तरी तुझीच,
धाकटी