खडूची खोली

९ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या गुडघ्याची चौकशी एका ओळीत आणि टिटवीची दोन पानं, यावरून या घराण्यात माझा भाव काय चालू आहे ते समजलं.

तुझ्या भाचीला, टिटवीला, कॉलेजात जागा मिळाली, वसतिगृहातही मिळाली. आता प्रश्न एवढाच की ती तिथे टिकते का. मागच्या वर्षी शाळेच्या शिबिराला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला घरी हजर झाली, हे तू विसरली नसशील. शिबिराचं निभावलं. इथे मात्र पहिल्या महिन्यात खोली सोडली तर ती दुसऱ्या मुलीला जाईल, असं तिथल्या रेक्टरबाईंनी कळवलंय.

म्हणून मी सराव सुरू केलाय. बाईंनी खोलीचं माप दिलं होतं, बारा फूट बाय दहा, दोघींत मिळून. वर्गात संस्कृत शिकवणाऱ्याच्या खिशात दुसरं काही नसलं तरी खडू असतो. तो काढून हॉलच्या फरशीवर मी ती खोली आखली. टिटवीने निघेपर्यंत रेघेच्या आत राहायचं. यायचं-जायचं ते आखलेल्या दारातूनच. रेघ ओलांडली तर भिंतीवर डोकं आपटलं असं धरायचं. दुसरी मुलगी म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी आपण होऊन नाव दिलं आणि खाट, रेडिओ घेऊन कालच राहायला गेल्या. दोघी पडल्यापडल्या सारख्या कुजबुजत असतात. काय चाललंय म्हणून विचारायला गेलो, तर पुरुषांना आत प्रवेश नाही असं समजलं.

लोभ आहेच, तो वाढवायला माझी हरकत नाही.

तुझा,
पंडित


१३ जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि इतकी हसले की मेट्रनबाईंनाच आता औषधाची गरज आहे की काय, असं पेशंट विचारायला लागले. पण एक सांग, खोली मोजलीस कशाने? तुझ्या घरात टेप असल्याचं मला आठवत नाही. पावलाला पाऊल लावून मोजली असशील तर कठीण आहे. पन्नाशीला आलास तरी तुला बूट शाळकरी मुलांच्या मापाचे लागतात.

सामान भरताना तिला जुनीच उशी द्या. नव्या उशीला कुणाचाच वास नसतो. कुलूप दोन किल्ल्यांचं घ्या आणि शब्दकोश देऊ नकोस. ती तुझी मुलगी आहे, ग्रंथालय नव्हे.

मी नर्सिंगला निघाले तेव्हा तू माझ्या ट्रंकेवर जाऊन बसलास, आठवतं? सगळ्यांना वाटलं, झाकण लागत नाही म्हणून पोरगा मदत करतोय. झाकण केव्हाच लागलं होतं. तू उठत नव्हतास. म्हणून विचारते, रागावू नकोस. हा सराव तिने तिथे टिकावं म्हणून आहे, की पोर आणखी थोडे दिवस नजरेसमोर राहावी म्हणून?

उत्तर दिलं नाहीस तरी माया कमी होणार नाही.

तुझी,
ताई


२३ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हो, पावलांनीच मोजली. टेप शाळेतल्या खेळाच्या सरांच्या कपाटात, आणि सर रजेवर. पूर्वी यज्ञवेदी यजमानाच्या अंगाच्या मापाने आखत. तेव्हा वसतिगृहाच्या एका खोलीने नाक मुरडायचं कारण नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो.

ट्रंक टिटवीच्या आईने भरली, मुलीने उपसली, पुन्हा दोघींनी भरली. शब्दकोश मी दर वेळी आत सरकवत होतो, टिटवी दर वेळी बाहेर काढत होती. जुनी उशी दिली. परवा तिला सोडून आलो. वाटभर तिची टकळी चालू होती. फाटक दिसलं आणि गप्प झाली. मी तिला टिटवी म्हणायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. वडिलांनी फाटकाशीच थांबायचं असा नियम, त्यामुळे खोली मी पाहिली नाही. आई आत जाऊन आली. खोली कशी आहे विचारलं, तर बरी आहे म्हणाली आणि परतताना बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली.

हॉलमधल्या रेघा तशाच आहेत. लादी पुसणाऱ्या बाईंना सक्त ताकीद आहे. आई अजून आतच झोपते. काल घाईत माझा पाय रेघेवर पडला आणि मीच दचकलो.

ती तिथे टिकावी असं मला मनापासून वाटतं. आणि सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली की आम्ही दोघंही दाराकडे धावतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठेतरी आहे.

आहे तेवढा लोभ सध्या पुरत नाही.

पंडित


२७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे बाबांना सांगू नकोस. काल मी घरी यायला निघाले होते.

इथे कुणी छळत नाही, जेवण बरं आहे. पण खोली फार मोठी आहे गं! बाबांनी आखली होती तिथे हात लांब केला की आईची खाट लागायची. इथे हात लांब केला की नुसती हवा. पलीकडच्या भिंतीला एक चष्मेवाली मुलगी, ती सदा भिंतीकडे तोंड करून. आठवड्यात आम्ही एकमेकींना दिवा मालवू का, एवढंच विचारलं.

ट्रंक पुन्हा भरायला घेतली तर तळाशी दोन वस्तू सापडल्या. एक शब्दकोश, तो कसा आला मला माहीत नाही. दुसरा बाबांचा खडू. तो मीच निघताना त्यांच्या खिशातून उचलला होता. मग मी पावलाला पाऊल लावून खोली मोजली. माझं आणि बाबांचं पाऊल सारखंच आहे, त्यांच्या चपला मला नेहमी होतात. बरोब्बर घरच्याएवढी खोली आखली आणि माझी खाट आत घेतली.

चष्मेवालीने वळून विचारलं, की हे काय खूळ आहे. मी सगळं सांगितलं, आईचं, रेडिओचं, भिंतीवर डोकं आपटायचं. हसेल असं वाटलं होतं. तिने उठून आपली खाट ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, की तिथे भिंत आहे. तर मुकाट्याने खाट वळवून आखलेल्या दारातून आत घेऊन आली. मग तिच्या घरच्यांबद्दल बोलत बसली, ती थांबेचना. तिला इथे येऊन माझ्यापेक्षा जास्त दिवस झाले होते.

ट्रंक रिकामी केली. महिना पुरा करेन असं वाटतंय.

माझ्यावर रागावणं जमलं तर टाळ.

तुझी,
टिटवी


५ जुलै

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगू नकोस असं आत्याला लिहिणं म्हणजे मला पत्र लिहिण्याचे कष्ट वाचवणं. तिने तुझं पत्रच पाठवून दिलं. आईने ते घेतलं आहे, मला परत मिळालेलं नाही.

खेळाचे सर रजेवरून आले. टेप आणून मोजलं, तर माझी खोली सगळ्या बाजूंनी आखूड भरली. नीट करून देऊ का विचारलं, तर त्या रेघांना हात लावायचा नाही असं आईने बजावलं. त्या पुसट झाल्या की गिरवण्याची तेवढी मला परवानगी आहे. शब्दकोशाबद्दल मलाही काही माहीत नाही.

तुझी खाट होती ती जागा आईने मोकळीच ठेवली आहे. तिथे कुणी बसायचं नाही. काल शाळेतून आलो आणि जाऊन तिथेच बसलो. आईने पाहिलं. उठा म्हणाली नाही.

सुट्टी लागली की ये. दारातून ये.

तुझे,
बाबा