श्लाग म्हणजे श्लाघा

२ फेब्रुवारी, रविवार. सोहार, ओमान.
प्लँटवर ऑस्ट्रियाहून हुबरबाई आल्या. नवं मशीन बसवणार आणि जाताना आमच्यातल्या एकाला सहा महिने ट्रेनिंगला नेणार. म्हणजे मलाच. ज्युनिअर निशांतही आशेवर आहे, पण त्या पोराला कामाखेरीज काही येत नाही.
कँटीनमध्ये बाईंनी कॉफीवर ‘श्लाग’ मागितलं. निशांतने सरळ विचारलं, म्हणजे काय? व्हिप्ड क्रीम, म्हणाल्या. अज्ञान असं चारचौघांत दाखवतात का? मी नुसती मान डोलावली.

३ फेब्रुवारी
अंघोळ करताना साक्षात्कार. श्लाग म्हणजे श्लाघा! अस्सल संस्कृत. स्तुती. क्रीम फुगतं, स्तुतीने माणूस फुगतो. सिद्ध झालं.
शुभदा म्हणाली, एकदा नेटवर बघ. बायकोला संशोधनातलं काय कळणार.
आजपासून जर्मन. रोज एक तास.

४ फेब्रुवारी
जर्मन उद्यापासून.
शुक्रवारी बाईंना घरी जेवायला बोलावलंय. प्लँटचे ओमानी अर्बाब, म्हणजे मालकही येतील. निशांतला नाइलाजाने सांगितलं. क्रीम शुभदा फेटेल, भाषण मी करीन.
ऑस्ट्रियाच्या थंडीसाठी थर्मल घ्यायला हवेत. सोहारमध्ये मिळतात का?

७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी
भाषण तुफान! म्हणालो, बाई, तुम्हाला श्लाग द्यावा तेवढा थोडाच. आम्ही भारतीय पाहुण्याला दारातच श्लाग देतो. आज सगळे मिळून देऊ.
बाई आधी दचकल्या, मग हसून हसून डोळे पुसले. अर्बाबच्या कानात काहीतरी सांगितलं, तेही हसत सुटले. निशांतने मान खाली घातली. जळतोय.
इन्शाल्ला, मार्चमध्ये व्हिएन्ना. जर्मन तिथेच शिकेन, हवेतच असते.

९ फेब्रुवारी, रविवार
खलास. निशांत चालला.
बाईंनी मला बाजूला घेतलं. श्लाग म्हणजे मार, फटका. क्रीम फेटतात, म्हणून त्यालाही श्लाग. मी म्हणालो, एका शब्दावरून माणूस नापास? त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत नव्हतं, त्याचं काही नाही. तुम्ही विचारलं नाहीत. मशीनपाशी असं केलंत तर हात जाईल."
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
घरी येऊन शुभदाला सगळं सांगितलं. ती ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. फ्रिजमधलं उरलेलं क्रीम काढलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवलं.
लेक ऋचा सगळं ऐकत होती. इथल्या शाळेमुळे तिचं मराठी बेताचंच. रिकामा बाऊल बघून तिने विचारलं, "बाबा, सगळा मार तूच खाल्लास?"
हो म्हणालो.